गिटार कॅबिनेटसाठी आयआर लोडर कसा निवडावा : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

संगणकावर इलेक्ट्रिक गिटार वाजवू लागलेल्या बहुतेकांना सुरुवातीलाच एक प्रश्न छळतो. गिटार नीट लागलेली आहे, ॲम्पचे सॉफ्टवेअर नावाजलेले आहे, तरीही हेडफोनमध्ये आवाज कर्कश, खरखरीत आणि अंग नसलेला का येतो? याचे कारण बहुधा ॲम्पमध्ये नसते, तर ॲम्पच्या पुढे येणाऱ्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे स्पीकरच्या पेटीत असते. कॅबिनेटचे काम संगणकावर आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स) फाइल करते आणि ती फाइल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला आयआर लोडर म्हणतात. फुकट आणि विकत असे इतके लोडर आज उपलब्ध आहेत की, नवा माणूस आवाज शोधायच्या ऐवजी सॉफ्टवेअरच शोधत बसतो. तो गोंधळ टळावा म्हणून निवडीची वाट इथे क्रमाने मांडली आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आवाज फाइलमध्ये असतो, लोडरमध्ये नसतो. लोडर जे करतो ते ठरलेले गणित आहे, आणि तीच फाइल दोन चांगल्या लोडरमध्ये घातली तर आवाजही तोच यायला हवा. म्हणून लोडर निवडताना ‘कोणाचा आवाज भारी’ असे विचारण्यापेक्षा ‘रोजच्या कामात कोणता सोयीचा, भरवशाचा आणि माझ्या संगणकावर नीट चालणारा’ असे विचारावे. हे म्हणणे स्वतः पडताळून पाहायची रीत पाचव्या पायरीत दिली आहे.

१. आयआर फाइलमध्ये काय असते ते आधी समजून घ्या

खऱ्या ॲम्पला जोडलेल्या पेटीत बहुधा १२ इंची स्पीकर असतात आणि रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांच्यासमोर मायक्रोफोन असतो. गिटारचा स्पीकर गाणी ऐकण्याच्या स्पीकरसारखा सगळ्या पट्ट्या सारख्या देत नाही. मधल्या आणि वरच्या-मधल्या भागात त्याला उंचवटे असतात, आणि साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. डिस्टॉर्शनमधून निघणारा खरखराट या उतारामुळेच झाकला जातो. कॅबिनेट नसले की तो उघडा पडतो.

स्पीकर, पेटी, मायक्रोफोन आणि थोडीफार खोली या सगळ्यांचा मिळून जो ठसा उमटतो, तो आयआर फाइलमध्ये असतो. तो मिळवण्यासाठी स्पीकरमधून खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सरकत जाणारा स्वर वाजवतात, मायक्रोफोनने तो टिपतात आणि त्यातून गणिताने ठसा वेगळा काढतात. या पद्धतीचे आजचे प्रचलित रूप पार्मा विद्यापीठातील अँजेलो फरिना यांनी २००० साली मांडले. लोडर हा ठसा तुमच्या गिटारच्या सिग्नलवर सतत लावत राहतो, आणि या क्रियेला कन्व्होल्यूशन म्हणतात.

या ठशाच्या दोन मर्यादा सुरुवातीलाच ध्यानात घ्याव्यात. फाइलमध्ये मायक्रोफोन ज्या जागी होता तिथेच तो कायमचा राहतो. जागा बदलायची तर दुसरी फाइल घ्यावी लागते. शिवाय मोठ्या आवाजात स्पीकरचा कोन ताणला जाऊन जी जास्तीची विकृती येते, ती साध्या आयआरमध्ये सामावत नाही.

२. काय काय जवळ हवे

लोडर उतरवून घेण्याआधी पुढील सामान आणि माहिती हाताशी ठेवा.

- हाय-झेड इनपुट (गिटार थेट लावायची जागा) असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार संगणकाला जोडणारे यंत्र. गिटारसाठी हे इनपुट साधारण १ मेगाओमचे असते. लाइन इनपुटात गिटार लावली तर वरच्या पट्ट्या मरतात, आणि मग कोणताही आयआर मंदच वाटतो.
- विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी विलंबाने ने-आण करणारे सॉफ्टवेअर.
- रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर : रीपर, लॉजिक, गॅरेजबँड, क्यूबेस, एबलटन लाइव्ह यांपैकी जे असेल ते.
- ज्याचे कॅबिनेट बंद करता येते असे ॲम्पचे प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या आत चालणारे जोड-सॉफ्टवेअर.
- बरे हेडफोन किंवा मॉनिटर स्पीकर.
- स्वतःच्या वाजवण्याचे एक कोरे रेकॉर्डिंग, म्हणजे ॲम्प, इफेक्ट काहीही न लावता थेट घेतलेली गिटार. त्यात एक स्वच्छ तुकडा, एक जड रिफ आणि थोडे एकल वादन असावे. लोडरची सगळी तुलना या एकाच रेकॉर्डिंगवर करायची आहे. प्रत्येक वेळी नव्याने वाजवले तर फरक हाताचा की सॉफ्टवेअरचा हे कळणार नाही.
- आठ-दहा आयआर फाइली. एकाच कॅबिनेटच्या, पण वेगवेगळ्या मायक्रोफोनच्या असतील तर उत्तम.
- तुमच्या संगणकाची माहिती : ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, मॅक असल्यास त्यात इंटेलची चिप आहे की ॲपलची, आणि तुमचे प्रोजेक्ट कोणत्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) चालतात.

आयआर फाइल शक्यतो साध्या वेव्ह स्वरूपातली, मोनो आणि २४ बिटची घ्यावी. पहिल्या खेपेला सेलेस्टियन व्हिंटेज ३० किंवा ग्रीनबॅक स्पीकरवर शुअर एसएम५७ मायक्रोफोनने घेतलेली फाइल निवडावी. व्हिंटेज ३० हा स्पीकर १९८६ पासून आणि एसएम५७ हा मायक्रोफोन १९६५ पासून वापरात आहे. या जोड्या असंख्य रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेल्या असल्यामुळे कानाला त्यांची ओळख असते, आणि काही बिघडले असेल तर ते चटकन जाणवते.

३. साखळी तपासा : कॅबिनेट एकदाच यायला हवे

नवख्यांच्या तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटतात. योग्य क्रम असा आहे : गिटार, ओव्हरड्राइव्हसारखे पेडल, ॲम्प, त्यानंतर आयआर लोडर आणि शेवटी रिव्हर्ब किंवा डिले. ॲम्पच्या प्लगइनमधले कॅबिनेट चालू राहिले आणि पुढे लोडरही लावला, तर आवाज दोन कॅबिनेटमधून जातो. तो कोंदट, ब्लँकेटखाली दाबल्यासारखा येतो, आणि दोष विनाकारण आयआरवर येतो.

न्यूरल ॲम्प मॉडेलर (खऱ्या ॲम्पची नोंद घेऊन त्याची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी इथे दुप्पट सावध राहावे. त्यात चालवायच्या कॅप्चर फाइली, म्हणजे अशा नोंदी, दोन प्रकारच्या मिळतात. काहींमध्ये फक्त ॲम्पचे हेड असते, तर काहींमध्ये कॅबिनेट आणि मायक्रोफोनसह सगळा संच टिपलेला असतो. दुसऱ्या प्रकारापुढे आयआर लावायचा नसतो. फाइलच्या वर्णनात ‘फुल रिग’ असे लिहिलेले आहे का, ते आधी पाहावे.

याच्या उलट चूकही होते. फक्त प्री-ॲम्प (ॲम्पचा पहिला, आवाज घडवणारा भाग) असलेले पेडल किंवा प्लगइन थेट आयआरला जोडले की आवाजात टोचणारी धार राहते, कारण मधला पॉवर ॲम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा भाग, गायब असतो. अशा वेळी पॉवर ॲम्पचे काम करणारे प्लगइन मध्ये घालावे.

खरा व्हॉल्व्ह ॲम्प संगणकाला जोडून पुढे आयआर वापरण्याचा विचार असेल, तर हा परिच्छेद दोनदा वाचा. व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकरशिवाय किंवा लोड बॉक्सशिवाय (स्पीकरच्या जागी ॲम्पची शक्ती झेलणाऱ्या पेटीशिवाय) चालवल्यास त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. त्याचे स्पीकर आउटपुट थेट इंटरफेसमध्ये घातल्यास इंटरफेसही जाऊ शकतो. मध्ये त्या ॲम्पच्या वॉट आणि ओमशी जुळणारा लोड बॉक्स असलाच पाहिजे, आणि लोडर कितीही चांगला असला तरी तो ही जागा भरून काढू शकत नाही.

४. आधी घरात काय आहे ते पाहा, मग बाहेर जा

स्वतंत्र लोडर घ्यायची गरज अनेकांना नसतेच. न्यूरल ॲम्प मॉडेलर फुकट आणि मुक्त स्रोत आहे, आणि त्यात आयआरसाठी जागा दिलेली आहे. न्यूरल डीएसपीच्या ॲम्प प्लगइनमध्ये कॅबिनेटच्या भागात स्वतःची फाइल घालता येते. ॲम्प्लिट्यूब ५ मध्येही ती सोय आहे.

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत आलेले कन्व्होल्यूशन रिव्हर्बही हेच काम करू शकतात, कारण गणित एकच आहे. रीपरमधील रीव्हर्ब या प्लगइनमध्ये ‘ॲड’ दाबून फाइल घालावी, ‘वेट’ (आयआर लागलेला आवाज) शून्य डेसिबलला ठेवावे आणि ‘ड्राय’ (मूळ आवाज) पूर्ण खाली ओढावे. ‘ड्राय’ थोडे जरी वर राहिले तरी कॅबिनेटशिवायचा कर्कश आवाज बाजूने गळत राहतो, आणि चांगली फाइलही वाईट वाटते. त्याच खिडकीत ‘झेडएल’ अशी खूण करायची चौकट आहे. ती शून्य लेटन्सीसाठी (विलंब टाळण्यासाठी) आहे, आणि थेट वाजवताना ती चालू ठेवावी. लॉजिकमधील स्पेस डिझायनरमध्येही आयआर घालता येतो. तिथेही थेट आवाज बंद करायला विसरू नये.

या साधनांवर काही दिवस काम केले की स्वतंत्र लोडरमध्ये तुम्हाला नेमके काय हवे ते आपोआप कळते. फाइल बदलताना होणारा त्रास, दोन फाइली मिसळता न येणे, पातळी जुळवण्याची सोय नसणे, यांपैकी जे खुपेल त्यावरच पुढचा शोध बेतावा.

स्वतंत्र लोडरमध्ये इटलीच्या इग्नाइट ॲम्प्सचा नॅडआयआर मी नव्या माणसाला सर्वात आधी सुचवतो. तो फुकट आहे, शून्य लेटन्सीवर चालतो, एका वेळी दोन आयआर घेतो, आणि फाइलचा सॅम्पल रेट वेगळा असल्यास तो जुळवून घेतो. लँकेस्टर ऑडिओचा पल्स हाही फुकट आणि हाताळायला सोपा आहे. लिनक्सवर गिटारिक्समध्ये कन्व्होल्यूशनची सोय आहे, आणि एलएसपी प्लगइनच्या संचातही आयआरसाठी वेगळे प्लगइन मिळते.

विकतच्या बाजूला चित्र वेगळे आहे. टू नोट्स या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि ॲम्प्लिट्यूब ५ मध्ये पडद्यावर मायक्रोफोन धरून स्पीकरसमोर सरकवता येतो. त्यामागे एका कॅबिनेटच्या अनेक जागी घेतलेल्या नोंदींचा संच असतो. सेलेस्टियनच्या स्पीकरमिक्स प्रोमध्ये आवाजाच्या जोरानुसार स्पीकर बदलत जातो, आणि पहिल्या पायरीत सांगितलेली दुसरी मर्यादा तिथे काही प्रमाणात ओलांडली जाते. या सोयी खऱ्या आहेत. पण हे संच त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या स्वरूपात असतात आणि दुसऱ्या लोडरमध्ये उघडत नाहीत. साधी वेव्ह फाइल मात्र कुठेही चालते. एकाच कंपनीच्या स्वरूपात मोठा संग्रह उभा करण्यापूर्वी याचा शांतपणे विचार करावा.

प्लगइनचा प्रकारही इथेच तपासून घ्यावा. लॉजिक आणि गॅरेजबँड यांना ऑडिओ युनिट प्रकार लागतो, प्रो टूल्सला एएएक्स लागतो, आणि विंडोजवरील बहुतेक सॉफ्टवेअर व्हीएसटी३ चालवतात. केवळ जुन्या व्हीएसटी२ प्रकारात असलेले लोडर आज चालले तरी उद्याची खात्री नाही, कारण स्टाइनबर्गने २०१८ पासून त्या प्रकारासाठी नवे परवाने देणे थांबवले आहे. मॅकवर ३२ बिटची प्लगइन २०१९ च्या कॅटलिनापासून चालतच नाहीत.

५. दोन लोडर एकमेकांविरुद्ध तपासा

जाहिरातींमध्ये ‘अधिक जिवंत’, ‘अधिक खरा’ असे शब्द भरपूर असतात. त्यांची शहानिशा घरबसल्या करता येते, आणि ही चाचणी प्रत्येकाने एकदा तरी करावी, असे मी आग्रहाने सांगतो.

कोऱ्या रेकॉर्डिंगवर ॲम्पचे प्लगइन लावा, कॅबिनेट बंद ठेवा आणि निघालेला आवाज वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या. असे केल्याने दोन्ही लोडरकडे तंतोतंत तोच सिग्नल जातो. ही फाइल दोन ट्रॅकवर ठेवा. पहिल्या ट्रॅकवर एक लोडर, दुसऱ्यावर दुसरा, आणि दोघांत तीच आयआर फाइल घाला. दोन्हींमधले फिल्टर, खोलीचा आवाज, कंप्रेशन असे जे जे जास्तीचे असेल ते बंद करा आणि मिश्रण १०० टक्के करा. आता एका ट्रॅकची फेज, म्हणजे आवाजाच्या लाटेची दिशा, उलटी करा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तिरपी रेघ मारलेल्या शून्याचे बटण असते. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवून एकाची पातळी हळूहळू अशी हलवा की, एकत्रित आवाज कमीत कमी होईल.

दोन्ही लोडर तेच गणित प्रामाणिकपणे करत असतील, तर गिटार जवळजवळ नाहीशी होते. इतका वेळ ज्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक वाटत होता, ते दोन लोडर एकमेकांना पुसून टाकतात. मग उरतो तो फक्त हाताळणीचा फरक.

गिटार नाहीशी झाली नाही, तर जे उरते तेही बोलके असते. फक्त खालचा गुंजारव उरला, तर एक लोडर फाइल मध्येच कापत असण्याची शक्यता मोठी असते. ४८ किलोहर्ट्‌झला १०२४ नमुने म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद आणि २०४८ नमुने म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंद. फाइल जितकी आखूड, तितका खालच्या पट्टीचा तपशील बोथट होतो. फक्त वरची सळसळ उरली, तर कुठेतरी फिल्टर चालू राहिला आहे. सगळाच आवाज पोकळ होऊन उरला, तर एक लोडर फाइलच्या सुरुवातीची शांतता कापत असतो किंवा सिग्नल थोडा उशिरा सोडत असतो.

याच्यानंतर सॅम्पल रेट तपासा. ४८ किलोहर्ट्‌झची आयआर फाइल ४४.१ किलोहर्ट्‌झच्या प्रोजेक्टमध्ये घातली आणि लोडरने ती बदलून घेतली नाही, तर कॅबिनेटचा सगळा स्वभाव सुमारे ८ टक्के खाली सरकतो. ४००० हर्ट्‌झला असलेला उंचवटा ३६७५ हर्ट्‌झवर येतो. पेटी मोठी आणि मंद झाल्यासारखी वाटते, आणि कारण सापडत नाही. जो लोडर हे बदलून घेत नाही तो यादीतून काढावा. ठेवायचाच असेल, तर तुमच्या प्रोजेक्टच्या रेटच्याच फाइली वापराव्यात.

लेटन्सीविषयी थोडक्यात सांगतो. पूर्वी लांब कन्व्होल्यूशन म्हणजे विलंब आलाच, असे समीकरण होते. विल्यम गार्डनर यांनी १९९५ साली फाइलचे लहान-मोठे तुकडे करून विलंबाविना काम करण्याची रीत मांडली, आणि आजच्या लोडरना विलंब जोडण्याचे कारण उरलेले नाही. वाजवताना जो विलंब जाणवतो तो मुख्यतः इंटरफेसच्या बफरचा (आवाज तुकड्यातुकड्याने साठवून पुढे देण्याचा) असतो. ४८ किलोहर्ट्‌झला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे एका बाजूचे २.७ मिलिसेकंद. मात्र आयआर फाइलच्या सुरुवातीला न कापलेली शांतता असेल, तर तीही या विलंबात मिळते. ४८० नमुने म्हणजे पूर्ण १० मिलिसेकंद, आणि हवेच्या हिशेबात ॲम्प तुमच्यापासून जवळजवळ साडेतीन मीटर लांब ठेवल्यासारखे. शंका आल्यास फाइल रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडून तिची सुरुवात मोठी करून पाहा.

६. दोन आयआर मिसळण्याची सोय नीट पारखून घ्या

लोडरमधला खरा फरक या ठिकाणी दिसतो, म्हणून इथे जास्त वेळ द्यावा. स्टुडिओत एका स्पीकरसमोर बहुधा दोन मायक्रोफोन लावतात. एसएम५७ धार देतो आणि रॉयर आर-१२१ सारखा रिबन मायक्रोफोन अंग देतो. संगणकावर हेच दोन आयआर मिसळून करायचे असते.

अडचण अशी की, दोन मायक्रोफोन स्पीकरपासून वेगवेगळ्या अंतरावर असतील, तर एकाच स्वराची लाट त्यांच्याकडे मागेपुढे पोहोचते. समजा, अंतरात ७ सेंटीमीटरचा फरक आहे. म्हणजे वेळेत सुमारे ०.२ मिलिसेकंदांचा फरक झाला. एवढ्यानेही दोन फाइली सारख्या पातळीवर मिसळल्या की, २४५० हर्ट्‌झच्या आसपास खोल खड्डा पडतो, आणि गिटारचा स्पष्टपणा नेमका त्याच भागात असतो. प्रत्येक फाइल एकटी छान वाटते, पण एकत्र केल्यावर आवाज पातळ होतो, हे त्याचे लक्षण.

म्हणून लोडरमध्ये तीन गोष्टी शोधा : प्रत्येक आयआरला वेगळा सूक्ष्म डिले, प्रत्येकाला फेज उलटवण्याचे बटण आणि प्रत्येकाची स्वतंत्र पातळी. डिलेची पायरी बारीक हवी. ४८ किलोहर्ट्‌झला एक नमुना म्हणजे हवेतले सुमारे ७ मिलिमीटर, आणि त्या पट्टीत हाताने हलवता आले पाहिजे. काही लोडर दोन्ही फाइलींची सुरुवात आपोआप जुळवतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या फाइली मिसळताना ती सोय मोलाची आहे. पण फाइली बनवणाऱ्याने एकाच बैठकीत दोन मायक्रोफोन मुद्दाम जुळवून ठेवले असतील, तर ती जुळणी या सोयीमुळे बिघडू शकते. आपोआप जुळवणे बंद करता येते की नाही, ते खरेदीपूर्वीच पाहावे.

मिसळताना पद्धत अशी ठेवा. मुख्य आयआर एकटा लावून समाधान होईपर्यंत ऐका. दुसरा आणून त्याची फेज उलटी करा आणि सर्वात पोकळ आवाज येईपर्यंत त्याचा डिले हलवा. आता फेज पुन्हा सुलटी करा. पोकळी जिथे सर्वाधिक होती, तिथेच आता आवाज सर्वाधिक भरीव येतो. भरीवपणा शोधण्यापेक्षा पोकळपणा ओळखणे कानाला सोपे जाते, म्हणून ही उलटी वाट धरायची.

७. फाइली चाळण्याची सोय आणि पातळीचा सापळा

एका विकतच्या संचात शेकडो फाइली असणे ही नेहमीची बाब आहे. लोडरमध्ये बाणाच्या बटणाने त्याच फोल्डरमधली पुढची फाइल येते का, फाइल बदलताना आवाज तुटतो का, आवडलेल्या फाइलींवर खूण करता येते का, हे प्रत्यक्ष वाजवत पाहावे. प्रत्येक फाइलसाठी खिडकी उघडून शोधावे लागत असेल, तर दहाव्या फाइलनंतर कान आणि धीर दोन्ही थकतात.

फाइलींची तुलना करताना पातळी सारखी नसेल, तर जी मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते. एखाद्या डेसिबलचा फरकही निर्णय फिरवतो. लोडरमध्ये पातळी आपोआप सारखी करण्याची सोय असेल तर ती चालू करावी. नसेल तर लोडरच्या पुढे लाउडनेस मीटर ठेवून हाताने जुळवावी. पातळीही फार कमी ठेवू नये. हळू आवाजात कानाला खालच्या पट्ट्या कमी ऐकू येतात, आणि रात्री सोसायटीत शेजाऱ्यांच्या धाकाने हळू ऐकून निवडलेला गलेलठ्ठ आयआर सकाळी गढूळ निघतो. गाण्यात वापरायचा आयआर ड्रम आणि बासबरोबरच निवडावा. एकटा ऐकताना थोडा पातळ वाटणारा पर्याय गाण्यात अनेकदा बरोबर बसतो.

लोडरमध्ये हाय-पास (खालच्या पट्ट्या कापणारा) आणि लो-पास (वरच्या पट्ट्या कापणारा) फिल्टर असतील तर स्वागतच आहे. गिटारची सर्वात जाड तार साधारण ८२ हर्ट्‌झला असते, त्यामुळे नेहमीच्या सुरावटीत हाय-पास ७० ते १०० हर्ट्‌झच्या दरम्यान आणि लो-पास ८ ते १० किलोहर्ट्‌झच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. खाली उतरवलेल्या सुरावटीत हाय-पासही खाली आणावा.

८. प्रोजेक्ट हलवून पाहा

ही चाचणी करायला कोणी सांगत नाही, आणि ती न केल्याचे परिणाम महिन्यांनंतर दिसतात. बरेच लोडर प्रोजेक्टमध्ये आयआर फाइल साठवत नाहीत, ती कुठे आहे तेवढा पत्ता साठवतात. फोल्डरचे नाव बदलले किंवा प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर नेले की लोडर रिकामा उघडतो. काही तेव्हा इशारा देतात, काही गप्प राहतात.

एक छोटे प्रोजेक्ट बनवा, ते बंद करा, आयआरच्या फोल्डरचे नाव बदला आणि प्रोजेक्ट पुन्हा उघडा. लोडर काय करतो ते पाहून पुढची व्यवस्था ठरवा. सगळ्या आयआर फाइली पहिल्या दिवसापासून एकाच मुख्य फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि तो हलवू नये. त्या फोल्डरच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे नसावीत, ही सूचना मराठीत संगणक वापरणाऱ्यांसाठी विशेष आहे. काही जुनी प्लगइन इंग्रजी अक्षरांपलीकडची नावे वाचू शकत नाहीत आणि फाइल सापडली नाही असे सांगतात. विंडोजवर वापरकर्त्याचे नावच मराठीत असेल, तर हा फोल्डर थेट ड्राइव्हच्या मुळाशी करावा.

९. पैसे भरण्याआधी

चाचणीची मुदत मिळत असेल तर ती पूर्ण वापरा, कारण एकदा चालू केलेले सॉफ्टवेअर बहुधा परत घेतले जात नाही. परवाना किती संगणकांवर चालतो, संगणक बदलल्यास तो सोडवून घेता येतो का, आयलॉकचे (परवाने तपासणाऱ्या सेवेचे) खाते किंवा डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची चावी) लागते का, आणि इंटरनेट नसताना ते चालते का, हे वाचून घ्या. परवान्याची पडताळणी सतत ऑनलाइन होत असेल, तर ज्या सभागृहात नेटवर्क मिळत नाही तिथे कार्यक्रमाच्या वेळी अडचण येते.

या कंपन्या बहुधा परदेशी आहेत आणि किमती डॉलर किंवा युरोत असतात. भारतीय बँकेच्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार अनेकदा बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून सुरू करून, मर्यादा ठरवून, काम झाल्यावर पुन्हा बंद करावेत. दिसणाऱ्या किमतीत कर आणि बँकेचे चलन बदलण्याचे शुल्क धरून हिशेब करावा. घाई नसेल तर थांबावे, कारण नोव्हेंबरअखेरच्या सवलतींच्या दिवसांत प्लगइनच्या किमती बऱ्याच उतरतात.

खर्चाचा क्रम विचाराल तर माझे मत ठाम आहे : लोडर फुकटचा ठेवावा, आणि पैसे चांगल्या आयआर फाइलींवर घालावेत. साध्या वेव्ह स्वरूपात घेतलेली चांगली फाइल लोडर बदलला तरी तुमच्याजवळ राहते. मायक्रोफोन सरकवण्याची किंवा जोरानुसार बदलणाऱ्या स्पीकरची गरज तुमच्या कामात खरोखर दिसली, तरच विकतच्या लोडरकडे वळावे.

१०. निवड झाल्यावर लगेच करायची कामे

लोडर ठरला की एक स्वच्छ, एक मध्यम आणि एक जड आवाजासाठी, असे मोजके आयआर पक्के करून त्यांचे प्रीसेट साठवा. प्रीसेटच्या नावात स्पीकर आणि मायक्रोफोन लिहा. लोडरची इन्स्टॉल फाइल आणि परवान्याचा क्रमांक आयआरच्या मुख्य फोल्डरशेजारी ठेवून त्या सगळ्याची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. रेकॉर्डिंग करताना नेहमी कोरा ट्रॅक जपून ठेवा, आणि गाणे पूर्ण झाले की लोडरसह तयार झालेला आवाजही वेगळ्या ट्रॅकवर उतरवून घ्या. लोडर पुढे चालेनासा झाला तर उतरवलेला ट्रॅक हाताशी असतो, आणि आयआर बदलावासा वाटला तर कोऱ्या ट्रॅकपासून पुन्हा काम करता येते.